मागून येणारा आवाज

डॉक्टर आईला गुडघ्याचे व्यायाम समजावत होते. घरी गेल्यावर दोघींच्याही लक्षात राहणार नाहीत म्हणून मी फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि फोन कुर्त्याच्या खिशात ठेवला. पाय सरळ, दहा आकडे मोजायचे, सोडायचा. नऊ मिनिटांत ते झालं, आम्ही बाहेर पडलो आणि रेकॉर्डिंग बंद करायचं राहून गेलं. पुण्याच्या टिळक रोडवरून बाजीराव रोडला लागलो, मंडईत भाजी घेतली, तुळशीबागेतून निघून लक्ष्मी रोड ओलांडला आणि शनिवार पेठेतल्या घरी आलो. रात्री व्यायाम पुन्हा ऐकायला फोन काढला तर फाइल एक तास बारा मिनिटांची. नऊ मिनिटांनंतर बंद करणार होते, पण दवाखान्याचं दार लोटल्याचा आवाज आला, पायऱ्यांवर आमच्या चपला वाजल्या आणि मला पुढचं ऐकावंसं वाटलं.

पहिली पाच मिनिटं विशेष काही नाही. कापड माइकला घासतंय, त्यामागे गाड्या. आईच्या बांगड्या जवळ आहेत. दोन काचेच्या आणि त्यांच्यामध्ये एक सोन्याची, तिच्या उजव्या हाताचा किणकिणाट मी कुठेही ओळखेन. मग बाजीराव रोड लागतो आणि बांगड्या हळूहळू विझत जातात. आई बोलतेय, पण लांबून. एकदा ऐकू येतं, "अगं, थांब जरा." मिनिटभराने पुन्हा. तिसऱ्यांदा नुसतंच "थांब". त्यानंतर ती काहीतरी सांगायला लागते, लांबलचक, चढ्या सुरात, लहानपणचं काहीतरी असावं. "इथे ना, पूर्वी दादा मला घेऊन..." आणि बस येते. बसचा आवाज सगळं व्यापून जातो. मोठा आवाज आला की फोन आपोआप स्वतःचा कान लहान करतो, त्यामुळे बस पुढे गेल्यावरही क्षण दोन क्षण सगळं दबलेलं राहतं आणि मग बुडी मारून वर यावं तसा रस्ता पुन्हा वर येतो. तोवर आई शेवटच्या शब्दावर आलेली असते. "...तेव्हापासून मी कधी गेले नाही तिथे." आणि त्यावर माझा आवाज, अगदी जवळून, स्पष्ट: "हं."

मी काहीही ऐकलं नव्हतं. तरी हुंकार भरला होता.

दुसऱ्या दिवशी आईला विचारलं, काल बाजीराव रोडवर तू दादांचं काय सांगत होतीस? तिने गव्हल्यांचं ताट उन्हात सरकवलं आणि म्हणाली, "मी? काही नाही गं. आठवत नाही." दादा म्हणजे माझे आजोबा. त्यांना जाऊन तीस वर्षं होऊन गेली. ती त्यांच्याविषयी फारसं बोलत नाही. एकदा बोलली, माझ्या पाठीशी बोलली आणि ते पीएमपीच्या बसखाली गेलं. हे मला लागून राहिलं. तिला मागे टाकावं असं माझ्या मनात नव्हतं. पण तो फूटपाथ डोळ्यांसमोर आणला की कळतं, तिथे दोघींनी शेजारी चालायला जागाच नाही. झाडाचा कट्टा, विजेचा डबा, दुकानाची पाटी, फूटपाथवर चढवलेली दुचाकी, उतरा, चढा, पुन्हा उतरा. आपोआप रांग होते. धडधाकट माणूस पुढे, गुडघेदुखी मागे. गंमत अशी की उभ्या गाड्यांना आवाज नसतो. रेकॉर्डिंगमध्ये त्या नाहीतच. आहेत ती फक्त आमची पावलं, दर चार पावलांनी अडखळणारी, फूटपाथवरून डांबरावर येणारी आणि परत वर जाणारी. निखळलेल्या पेव्हर ब्लॉकवर पाय पडला की होणारा पोकळ ठुप्प आवाज. आधी माझ्या पायाखाली आणि चांगले सात-आठ सेकंद गेल्यावर आईच्या. तेवढं अंतर आमच्यात पडलं होतं.

त्याच फाइलमध्ये पुढे मंडई आहे. १८८६ची ती दगडी इमारत, उंच छप्पर. आत शिरल्याबरोबर आवाजाचा रंगच बदलतो, जणू कुणी रस्त्यावर घोंगडी टाकली. तिथे शांतता अजिबात नाही. भाव सांगणारे, भाव पाडणारे, ओट्यावर आपटणारी वजनं, कुणीतरी कुणालातरी नावाने मारलेली हाक. पण आईच्या बांगड्या परत आल्यात. माझ्या अगदी शेजारी ती म्हणतेय, "गवार जून आहे, घेऊ नकोस." मी म्हणतेय, "बघ ना, शेंग मोडून बघ." शेंग मोडल्याचा कट् सुद्धा ऐकू येतो. हे पुन्हा पुन्हा ऐकताना मला एक गोष्ट कळली. आपण गोंगाट डेसिबलमध्ये मोजतो. नियमही तसेच आहेत. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीला दिवसा ५५ आणि रात्री ४५, बाजारपेठेला दिवसा ६५ डेसिबलची मर्यादा घालून दिलीय. ते हवंच. पण मंडईत कलकलाट असूनही आम्ही बोललो आणि एखाद्या निवांत गल्लीत दर दहा सेकंदांनी एक दुचाकी जाते तिथे एक वाक्य पूर्ण होत नाही. माणसांचा गोंगाट बोलण्याला वाट देतो. इंजिनाचा देत नाही, कारण त्याच्या आवाजाबरोबर अंगावर येणारी गाडीही असते. आवाज आला की आपण गप्प होतो, अंग चोरतो, मागे बघतो, आणि काय बोलत होतो ते विसरतो.

अपघाताने झालेल्या रेकॉर्डिंगमधून काही सुरू होणारी मी पहिली नव्हे, हे पुढे वाचताना समजलं. जॅनेट कार्डिफ ही कॅनडाची कलावंत. ती एका स्मशानभूमीत थडग्यांवरची नावं टेपवर बोलून ठेवत होती. आपण कुठवर आलो ते बघायला टेप मागे घेतली आणि हेडफोनमधून तिला स्वतःचीच पावलं, स्वतःचाच श्वास, नुकत्याच चालून आलेल्या वाटेचं वर्णन करणारा स्वतःचा आवाज ऐकू आला. त्यातून १९९१ मध्ये तिने पहिला ध्वनिफेरफटका रचला: ऐकणाऱ्याने हेडफोन लावायचे, तिच्या पावलांवर पावलं टाकत त्याच वाटेने चालायचं. त्याच्याही आधी, सत्तरच्या दशकात, व्हँकूव्हरजवळच्या सायमन फ्रेझर विद्यापीठात मरे शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहराचे आवाज टेपवर साठवायला घेतले होते. त्यांच्यापैकी हिल्डेगार्ड वेस्टरकॅम्प हिने १९७४ मध्ये सांगितलेली गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटली. चालताना आधी स्वतःच्या अंगाचे आवाज ऐका, ती म्हणते. त्यातला अगदी बारीकही आवाज ऐकू येत असेल तर ती जागा माणसाच्या मापाची आहे. मी हे वाचलं आणि चपला घालून खाली गेले. आमच्या बिल्डिंगच्या फाटकापासून कोपऱ्यापर्यंत मला माझी पावलं ऐकू आली. कोपऱ्यावर ती नाहीशी झाली, ती थेट दुपारी घरी परतेपर्यंत.

मग मी कानात घालायचे दोन छोटे माइक घेतले. दिसायला साध्या इअरफोनसारखे, त्यामुळे रस्त्यात कुणी वळून बघत नाही. वाऱ्यासाठी त्यांना लोकरीची बोटभर टोपी असते. खिशातल्या फोनला जवळ आणि लांब एवढंच कळतं. या माइकांना दिशा कळते, कारण ते आपल्या डोक्याच्या दोन बाजूंना बसतात. उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानाला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ उशिरा पोचतो आणि डोकं मध्ये आल्याने थोडा मंदावतो, आणि तेवढ्यावरून मेंदू सांगतो, उजवीकडे बघ. घरी हेडफोन लावून ऐकताना मागून रिक्षा आली की मी खुर्चीत बसल्या बसल्या आक्रसते. रस्त्यावर असताना कान निवड करतो, हवं ते उचलतो, नको ते टाकतो. माइक काही टाकत नाही. आपण दिवसभर काय काय टाकत असतो ते घरी आल्यावर समजतं.

दोनेक वर्षं मी हे करतेय. पेठांमधले बोळ मला त्यामुळे नव्याने कळले. दीड मीटरवर भिंत असेल तर आपल्या पावलाचा आवाज तिला आपटून सेकंदाच्या शंभराव्या भागात परत येतो. तो वेगळा प्रतिध्वनी म्हणून कळत नाही, पण पाऊल भरीव होतं, त्याला अंग येतं. जुन्या वाड्याचं दार उघडं असलं की एक पाऊल अचानक पोकळ पडतं आणि पुढचं पुन्हा भरीव. डोळे मिटून ऐकलं तरी दारं मोजता येतात. वाडा पाडून पत्रे ठोकलेत तिथे पावलाला एक कडक धातूची झिलई येते. गेल्या दोन वर्षांत माझ्या रेकॉर्डिंगमधले असे पत्रे वाढत गेलेत. कसब्यातली तांबट आळी तर मी किती वेळा चालले असेन! हातोडीने तांब्याचं भांडं मठारण्याचा तो आवाज, प्रत्येक कारागिराची लय निराळी, भांड्याचा पोटाकडचा भाग आला की सूर खाली आणि काठाकडे गेलं की वर. घंगाळं आणि बंब आता हौसेने घेणारे घेतात, ठोके पूर्वीपेक्षा विरळ आहेत, पण आहेत. आणि आळीचा कोपरा वळला की त्या आवाजाची वरची धार एकदम तुटते, खालचा घुमार तेवढा भिंतीला वळसा घालून चार पावलं सोबत येतो. निरोप द्यायला दारापर्यंत यावं तसा.

ध्वनिमुद्रण घेऊन त्याच जागी परत जाण्याचा प्रयोगही केला. पहाटे सहाचं तुळशीबागेचं रेकॉर्डिंग मी संध्याकाळी सात वाजता तिथेच उभं राहून ऐकलं, एकाच कानाला, दुसरा मोकळा ठेवून. एका कानात शटरं बंद आहेत, खराटा चाललाय, आतल्या राममंदिराच्या अंगणात कबुतरं फडफडतायत आणि कुणीतरी एकदाच घंटा वाजवलीय. दुसऱ्या कानात "बोला ताई, काय दाखवू", पाटल्या, पिना, पेढेघाटी डबे. पाय गर्दीत आणि कान पहाटेत. मला गरगरल्यासारखं झालं, मंदिराच्या ओट्यावर बसावं लागलं. पण त्या दहा मिनिटांत एकाच जागेच्या पोटात किती जागा असतात ते जसं कळलं, तसं जुने फोटो बघून कधी कळलं नव्हतं.

सगळंच सुखाचं नव्हतं. एकदा ओंकारेश्वराच्या मागच्या वाटेवर माझ्या शेजारून एक बाई फोनवर बोलत गेली. चालताना माझं लक्षही नव्हतं. घरी ऐकलं तर ती रडत होती आणि कुणाला तरी परत येण्याची विनवणी करत होती, अगदी माझ्या उजव्या कानात. माझ्याशी नसलेलं, माझ्यासाठी नसलेलं दुःख माझ्याकडे फाइल होऊन पडलं होतं. मी ती पुसली. तेव्हापासून घरी आल्यावर आधी अनोळखी माणसांचं बोलणं शोधून काढून टाकते. रस्ता सगळ्यांचा असला तरी रस्त्यातलं रडणं ज्याचं त्याचंच असतं.

या सगळ्यात मी माझं एक माप ठरवलं: दोन माणसांचं बोलणं न तुटता किती वेळ चालतं. मैत्रिणी, मावशी, शेजारचा कॉलेजातला मुलगा, जे सोबत येतील त्यांच्याबरोबर चालायचं आणि घरी येऊन घड्याळ लावून ऐकायचं. बाजीराव रोडवर सगळ्यात मोठं सलग बोलणं निघालं चौदा सेकंदांचं. जंगली महाराज रस्त्याच्या रुंद केलेल्या फूटपाथवर गाड्यांचा आवाज भरपूर आहे, तरी तिथे मावशीने मला अख्खी एक पाककृती सांगितली, कारण आम्ही दोघी शेजारी होतो आणि मागे बघायची गरज नव्हती. ११ डिसेंबर २०२१ला महापालिकेने पादचारी दिन केला होता, लक्ष्मी रोडचा गरुड गणपती चौकाकडचा पट्टा दिवसभर वाहनांना बंद. तेव्हा माझ्याकडे माइक नव्हते, त्याची आजही हळहळ वाटते. पण आठवतो तो चपलांचा आवाज, शेकडो चपलांचा, कौलांवर पाऊस पडावा तसा, आणि रस्त्याच्या मधोमध उभं राहून गप्पा मारणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यावरचं काहीसं बावरलेपण. आपल्याला इथे उभं राहायला परवानगी आहे यावर विश्वास न बसल्यासारखं.

आणि सगळ्यात लांब संभाषण कुठे मिळालं? मंडईच्या भुयारी मेट्रो स्टेशनात. सप्टेंबर २०२४ मध्ये तो मार्ग सुरू झाला, त्यानंतर पंधरवड्याने मी आणि मैत्रीण तिथे उतरलो. सरकत्या जिन्याची एकसुरी घरघर, गुळगुळीत फरशीवर दोघींची पावलं निरनिराळी आणि स्वच्छ, चार मिनिटं सलग बोलणं. वर आलो आणि पहिल्याच मिनिटाला ती म्हणाली, "काय म्हणालीस?" मला मेट्रो आवडते. पण ज्या पेठांमध्ये माणसं पिढ्यान्‌पिढ्या बोलत चालली, तिथे बोलत चालायला जमिनीखाली जावं लागतं, हे मनाला पटत नाही.

आईला मी यातलं बरेच महिने काही सांगितलं नव्हतं. ते पहिलं रेकॉर्डिंग ऐकवायचं तर ती तीन वेळा "थांब" म्हणाली होती हेही तिला ऐकावं लागणार, याची मला लाज वाटत होती. शेवटी गेल्या पावसाळ्यात, वीज गेली होती आणि दोघी गॅलरीत बसलो होतो, तेव्हा तिच्या कानांवर हेडफोन चढवले. तिने डोळे मिटले. थोड्या वेळाने बोट वर करून म्हणाली, "हा दवाखान्याचा जिना." मग, "हं, आता वळलो आपण." ती ते कशावरून ओळखत होती मला कळेना. ती म्हणाली, यात काय अवघड आहे? ती याच जागेवर पूर्वी उभ्या असलेल्या वाड्यात वाढली. लाकडी जिना, चौदा पायऱ्या, सातवी करकरणारी. वर कोण येतंय हे त्यांना चाहुलीवरून कळायचं. दादा सातवी पायरी गाळून यायचे, कारण रात्री उशीर झालेला असायचा. दूधवाला प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवायचा. टपालवाला खालूनच हाक मारायचा, तरी त्याच्या सायकलचं स्टँड आधी कळायचं. "आणि तू टाच आपटून चालतेस," ती म्हणाली, "तुझ्या बाबांसारखी. या टेपमध्येसुद्धा." मी दोन वर्षं माइक लावून जे शिकत होते ते तिच्या कानांना सात वर्षांची असल्यापासून येत होतं.

मग ती थांबली आणि ऐकत राहिली. "हा उजवा पाय घासतोय तो माझा?"

मी हो म्हटलं. मला ते पहिल्या रात्रीच कळलं होतं. डावा पाय टप्प पडतो आणि उजव्याची चप्पल सर्र करून ओढली जाते. आपली चाल आपल्याला ऐकू येत नाही, निदान बाजीराव रोडवर तरी नाही. तिने तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला, आणि पुन्हा. बसचा भागही तिने तीनदा ऐकला. हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले होते, जणू जोर दिला तर बस थोडी बाजूला सरकेल. शेवटी काढून माझ्या हातात दिले. "नाही सापडत," ती म्हणाली. "तुझ्याकडे बघूनच काहीतरी आठवलं असणार. पुढे पुढे चालली होतीस ना, दादाही असेच चालायचे."

त्यानंतरच्या रविवारी आम्ही पहाटे सव्वासहाला बाहेर पडलो. तीच वाट, पण उलटी. घरून लक्ष्मी रोड, तुळशीबाग, मंडई आणि मग बाजीराव रोड. माझ्या कानांत माइक होते, तिला सांगितलं होतं. रात्रीच्या पावसाने रस्ता ओला होता आणि ओल्या डांबरावर लांबूनच गाडीची चाहूल लागते, सर्रर्र करत. त्या रेकॉर्डिंगमध्ये सुरुवातीला बराच वेळ कुणी काही बोलत नाही. चार पावलं आहेत. माझी दोन टाचांची, तिची एक टप्प आणि एक सर्र. मधेच ती उजवा पाय मुद्दाम उचलून टाकते, दहा-बारा पावलं टप्प टप्प नीट येतात, मग ती विसरते आणि सर्र परत येतं. बंद दुकानांच्या शटरांवरून दोघींची पावलं एकदमच परत येतात. मंडईच्या बाहेर कुणीतरी पालेभाजीच्या जुड्या पोत्यातून ओततंय. बाजीराव रोडला लागताना मागून पहिली बस येते. ती डावीकडून मोठी होत जाते, आणि ती अंगाशी येण्याच्या आत माझ्या उजव्या कानाशी बांगड्या वाजतात, आईने माझा दंड धरलाय. बस जाते. बांगड्या तिथेच आहेत. पुढच्या चौकापर्यंत त्या तिथेच वाजत राहतात, इतक्या जवळून की त्यांच्यापुढे बाकीचा रस्ता जेमतेम ऐकू येतो.